पांढरा, पिवळा, सावळा : लग्नाच्या फोटोंमधल्या रंगांचा इतिहास



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला होता. म्हणाले, ‘मॅडम, मालिका इतिहासाची आहे. लग्नाच्या फोटोंचं एडिटिंग हा इतिहासाचा विषय होतो का?’ मी म्हटलं, होतो. तुमच्या घरात आजोबांच्या हातचं पत्र असेल किंवा नसेल. जुना सातबारा कुठल्या पेटीत आहे ते कुणाला आठवत नसेल. पण लग्नाचा अल्बम कुठल्या कपाटात, कुठल्या साडीच्या घडीखाली आहे, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. आपल्या गोंदियाकडच्या कितीतरी घरांत कुटुंबाच्या इतिहासाचं चित्ररूप साधन तेवढं एकच आहे. आणि साधन हाती आलं की इतिहासाच्या विद्यार्थ्यानं पहिला प्रश्न काय विचारायचा? यात फेरफार कुणी केला, कधी केला आणि कशासाठी केला?

आज मी तीन पिढ्यांचे फोटो घेऊन आले आहे. सगळे माझ्याच घरातले. आईच्या लग्नाचा फोटो १९६९ सालचा. थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, दोन फोटो १९८६ आणि १९८७ सालचे. आणि ताईच्या मुलीच्या हळदीचा, २०१९ सालचा. तिघीही सावळ्या. हे आधीच सांगते, कारण आजची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

एक छोटी युक्ती पण सांगून ठेवते, व्याख्यानभर उपयोगी पडेल. नवरीचा फोटो हातात आला की चेहरा नंतर बघा, आधी तिचे हात बघा. का, ते पुढे कळेल.

आता आपण थोडं मागे जाऊ. लंडनच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ मध्ये कोलोडियनची ओली काच शोधली. काचेवर रसायन ओतायचं, ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायची. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. म्हणजे आपल्या मराठी माणसाच्या हातात कॅमेरा फार लवकर आला. पण त्या काचेची एक खोड होती. तिला निळा प्रकाश दिसायचा. पिवळा आणि लाल जवळपास दिसतच नव्हता. जे पिवळं ते फोटोत काळपट, जे लाल ते काळं.

आता कल्पना करा. त्या काळात कुणी आपल्या भागात येऊन हळद लावलेल्या नवरीचा फोटो काढला असता, तर काय झालं असतं? हळदीनं माखलेला चेहरा काळवंडलेला आला असता. कुंकू काळं. पिवळं लुगडं काळपट. मांडवात सगळ्यांत उजळ दिसणारी बाई फोटोत सगळ्यांत काळी. रसायनाला कुणाचा राग नव्हता, पण आपल्या लग्नातला मुख्य रंगच त्याला दिसत नव्हता.

हा आंधळेपणा कमी करायची वाट हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला १८७३ मध्ये सापडली. रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवा-पिवळाही दिसू लागतो, हे त्याच्या लक्षात आलं. लालसुद्धा दिसणारी काच बाजारात आली ती १९०६ मध्ये. मधल्या काळात आपल्याकडचे फोटोग्राफर काय करत होते? ते ब्रश हातात घेत होते. काळापांढरा फोटो छापायचा आणि त्यावर रंग चढवायचे. युरोपात असे रंग पातळ, पारदर्शक लावायची रीत होती, खालचा फोटो दिसत राहायचा. आपल्याकडे पुष्कळदा रंग इतके घट्ट लावत की खालचा फोटो झाकूनच जायचा. चेहरा तेवढा फोटोचा, बाकी दागिने, शालू, गालिचा, पडदा सगळं चित्रकाराचं. पार्श्वभूमी बदलणं तर त्याहून जुनं. मुंबईच्या विल्यम जॉन्सननं १८६०च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं. त्यात माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडचं, असे जोडलेले फोटो आहेत. आज पोरं मागे आयफेल टॉवर लावतात, त्यांना सांगा की तुमचे पूर्वज मुंबईत होते.

हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला. तिथे कॅमेऱ्यामागेही बाईच असे. तेव्हा खानदानी घरातली बाई फोटोसाठी परपुरुषासमोर बसत नव्हती. आपल्याकडच्या साध्या घरांत तर फोटोचा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतरसुद्धा बरीच वर्षं खेड्यातल्या बाईचा आयुष्यातला पहिला फोटो म्हणजे लग्नाचा फोटो. आणि कित्येकींचा शेवटचासुद्धा.

आता आईचा फोटो. साल १९६९. तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात १९६७ पासून माल निघू लागला होता, ‘इंदू’ नावाची काळीपांढरी फिल्म आणि कागद यायचे. आईच्या लग्नात एकच फोटो निघाला, सगळ्या गोताचा. मागून त्यातला नवरानवरीचा भाग मोठा करून घेतला आणि रंगवायला दिला. तो फोटो आमच्या ओसरीत टांगलेला असायचा. आईचं लुगडं हिरवंगार, बाबांचा फेटा गुलाबी, दोघांचे गाल गुलाबी.

मी कॉलेजात असताना एकदा आईला म्हटलं, ‘छान हिरवं लुगडं होतं गं तुझं.’ आई म्हणाली, ‘हिरवं कुठलं? पिवळं होतं. मामानं आणलेलं.’

रंगवणाऱ्यानं लग्न पाहिलेलं नव्हतं. त्याच्या समोर काळापांढरा कागद होता. नवरी म्हणजे हिरवं लुगडं, हिरवा चुडा, हे चित्र त्याच्या डोक्यात होतं. घरोघरी टांगलेल्या रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आणि कॅलेंडरांनी ते पक्कं केलेलं. त्यानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. मामानं आणलेलं पिवळं लुगडं गेलं ते गेलंच. मी विचारलं नसतं तर आमच्या घराच्या इतिहासात आईचं लुगडं हिरवंच राहिलं असतं. इथे तुमच्या लक्षात आलं असेल, ही फसवणूक नव्हती. त्याने प्रेमाने, मन लावून काम केलं होतं. पण मांडवात तो नव्हता, आणि रंग ठरवणारा तोच होता.

आता ताईचा पहिला फोटो, १९८६. हा लग्नाचा नाही, स्थळाला पाठवायचा. तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांना आठवत असेल तो कार्यक्रम. स्टुडिओत जायचं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं, मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि कुंडी. फोटोवाला म्हणायचा, ‘फिनिशिंग करून देतो.’ या फिनिशिंगमध्ये काय होतं ते समजून घ्या, कारण आजच्या कॉम्प्युटरचं मूळ त्यात आहे.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. सावळी त्वचा निगेटिव्हवर पातळ, पारदर्शक येते. तिथून छापताना जास्त प्रकाश जातो आणि कागदावर तो भाग गडद उमटतो. मग फोटोवाला काय करायचा? निगेटिव्ह मागून उजेड येणाऱ्या तिरप्या काचेवर ठेवायची, तिला थोडं चिकटसर औषध लावायचं आणि अगदी टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावर बारीक बारीक रेघा मारायच्या. पेन्सिलीचा शिसा प्रकाश अडवतो. जिथे प्रकाश अडला तिथे कागद पांढरा राहतो. म्हणजे निगेटिव्हवर काळी पेन्सिल जितकी फिरेल तितकी मुलगी गोरी. मूळ उपयोग मुरमांचे डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायचा. पण हात एकदा फिरायला लागला की कपाळ, गाल, हनुवटी, गळा... सगळीकडे फिरायचा.

हे काम चिकाटीचं आणि नजर घालवणारं होतं. म्हणून ते चेहऱ्यापुरतंच व्हायचं. हातावर कोण पेन्सिल फिरवणार? ताईच्या या फोटोत खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात बघा. तो ताईचा हात आहे. आणि वरचा चेहरा तिच्या एखाद्या गोऱ्या मावसबहिणीचा वाटतो. म्हणून म्हटलं, आधी हात बघा.

पोहे खायला आलेल्या एका मंडळींनी फोटो काढला, ताईकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, ‘फोटोत जरा उजळ वाटली होती.’ ताई चहाचा ट्रे घेऊन समोरच उभी होती. ते वाक्य तिला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. पेन्सिल फिरवली दुसऱ्यानं, आणि लबाडीचा ठपका आला मुलीवर. गोरेपणाची ती हाव फोटोवाल्यानं निर्माण केलेली नव्हती. ‘उजळ’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ हे शब्द स्थळांच्या जाहिरातींत होतेच. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आलं होतं. त्या नावातला ‘फेअर’ काढायला २०२० साल उजाडावं लागलं.

पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, ताईचं लग्न झालं. बघायला येताना फोटो न मागवता आलेले माझे भाऊजी. आणि या लग्नात आमच्याकडे पहिल्यांदा कलर फोटो निघाले. छत्तीस फोटोंचा रोल, तो गाडीनं नागपूरला जायचा, तिथल्या लॅबमध्ये धुवून आठ-दहा दिवसांनी परत. आम्हाला वाटलं, आता लुगड्याचा रंग कुणी बदलू शकणार नाही. कलर म्हणजे खरं.

पण कलर फिल्मचं खरेपणसुद्धा कुणीतरी ठरवलेलं होतं. अमेरिकेत कोडॅक कंपनी फिल्म विकायची आणि धुवून छापायचीही तीच. १९५४ मध्ये तिथल्या सरकारबरोबरच्या खटल्यात तडजोड झाली आणि छपाईचं काम इतर लॅबना खुलं झालं. मग प्रत्येक लॅबला यंत्र जुळवायला एक नमुना पाहिजे. कोडॅक एक कार्ड पाठवायची, त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो. कंपनीतल्याच शर्ली नावाच्या मुलीवरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणू लागले. पुढे मुली बदलल्या, नाव तेच राहिलं. त्या कार्डातल्या मुलीची त्वचा नीट दिसली की यंत्र जुळलं. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये यावर मोठा निबंध लिहिला. त्यात एक गोष्ट अशी आहे की तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार ज्यांनी लावून धरली त्यांत लाकडी फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले होते. सावळ्या माणसांसाठी फिल्म सुधारली नाही, आधी टेबलासाठी सुधारली. निरनिराळ्या वर्णांच्या मुली असलेली कार्डं आली ती बऱ्याच उशिरा, १९९०च्या दशकात.

दुसरी अडचण यंत्राची. छपाईचं स्वयंचलित यंत्र एका समजुतीवर चालतं. एखाद्या फोटोतले सगळे रंग एकत्र घोटले तर सरासरी राखाडी यायला पाहिजे, अशी ती समजूत. बागेतला फोटो असेल, रस्त्यावरचा असेल, तर ती बरीचशी खरी ठरते. पण हळदीचा फोटो? पाट पिवळा, साडी पिवळी, चेहरा पिवळा, वाटीत हळद, करवल्यांचे हात पिवळे. यंत्राला वाटतं, काहीतरी चुकलं, पिवळा फार झाला. ते आपणहून पिवळा कमी करतं, म्हणजे निळा वाढवतं. लॅबमधला माणूस हुशार असला तर बटणं दाबून परत आणायचा. नसला तर हळदीतली नवरी आजारी दिसायची. आज तुमच्या मोबाइलमध्ये आपोआप होणारं रंगसंतुलन आहे ना, त्याच्या पोटातही ही समजूत अजून थोडीफार आहे.

ताईच्या अल्बममधले ते फोटो आता बघा, सगळे विटकरी झालेत. हे एडिटिंग नाही. त्या काळच्या कलर कागदातला निळसर रंग कपाटाच्या अंधारातसुद्धा उडत जातो आणि लाल मागे राहतो. तुमच्या घरातलेही असेच झाले असतील. त्यांचा स्कॅन करून घ्या, थोडा रंग परत आणता येतो. लवकर करा एवढंच.

आता पांढऱ्या रंगाकडे येते, आणि त्यासाठी घरातून बाहेर पडते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातली माझी एक मैत्रीण आहे, बौद्ध कुटुंबातली. आपल्या भागाचा बाबासाहेबांशी जुना संबंध आहे. १९५४ची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी भंडाऱ्यातून लढवली होती. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली, लोक पांढरे कपडे घालून गेले होते. पुढे लग्नंही पांढऱ्या कपड्यांत होऊ लागली. बाशिंग नाही, हळद नाही, नवरानवरी पांढऱ्यात, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. शेकडो वर्षं ज्यांना चांगलं धुतलेलं नेसायचीही मुभा नव्हती, त्यांच्यासाठी तो पांढरा रंग म्हणजे काय होतं हे मी वेगळं सांगायला नको.

कॅमेऱ्याला मात्र हा पांढरा अवघड. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं यंत्र पुन्हा तेच, सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. पांढरी साडी दिसली की ते प्रकाश कमी करतं. साडी होते राखाडी, मळल्यासारखी, आणि सावळा चेहरा त्याहून अंधारात जातो. मैत्रिणीच्या १९९२च्या अल्बममध्ये तिची साडी जुनी झाल्यासारखी दिसते. ती मला म्हणाली, ‘आईनं पै पै जमवून पांढरीशुभ्र आणली होती गं.’ जाणता फोटोग्राफर असा फोटो घेताना प्रकाश मुद्दाम एक टप्पा वाढवतो. ते न जाणणारा घरी जाऊन साडी पांढरी करायच्या नादात चेहरा धुवून टाकतो.

आणि गंमत बघा, रंग तपासायला पांढऱ्यासारखं दुसरं साधन नाही. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपर असतो. पांढऱ्या कपड्यावर टेकवला की त्या उजेडातला पिवळा, हिरवा, जांभळा दोष निघून जातो आणि त्वचा जशी आहे तशी समोर येते. शहरातले फोटोग्राफर यासाठी पैसे मोजून कार्ड घेतात. इथे नवरी ते कार्ड अंगावर नेसून आलेली असते. फक्त तिच्याकडे बघायला पाहिजे.

आता कॉम्प्युटरचा काळ. फोटोशॉप १९९० साली आलं, आपल्याकडच्या स्टुडिओंत पोचायला त्याला काही वर्षं लागली. मग ‘मिक्सिंग’ सुरू झालं. कमळात नवरी, चंद्रात नवरा, पानाच्या बदामात दोघं. बारा बाय छत्तीसचे करिज्मा अल्बम आले, तयार पीएसडी मिळायच्या, त्यात फक्त चेहरे बसवायचे. आज आपण त्याला हसतो. मी नाही हसत. त्यात कुणी काही लपवत नव्हतं. कमळात बसलेली बाई खरोखर कमळात बसली होती असं कुणालाही वाटत नव्हतं.

खरा बदल झाला तो २००७ नंतर, लाइटरूम आल्यावर. एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो एकदम रंगवता येऊ लागले. एका फोटोवर केलेली सेटिंग्ज साठवायची आणि एका क्लिकमध्ये सगळ्यांवर लावायची, त्याला प्रीसेट म्हणतात. हे प्रीसेट विकत मिळू लागले. परदेशात ‘लाइट अँड एअरी’ नावाची शैली होती, फिकट, दुधाळ, जुन्या फुजी फिल्मवर जास्त प्रकाश दिल्यासारखी. दुसरी ‘डार्क अँड मूडी’, सगळी झाडं तपकिरी, सावल्या गडद. तिसरी सिनेमातून आलेली, सावल्या निळसर आणि त्वचा नारिंगी. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांचं इटलीत टस्कनीला लग्न झालं. फिकट गुलाबी लेहंगा, फिकट फुलं, हिवाळ्यातलं मवाळ ऊन. ते फोटो आले आणि वर्षभरात देशभर सगळ्यांना तसंच पाहिजे झालं. आपल्याकडे लग्नं एप्रिल-मेमध्ये, ऊन डोक्यावर, मांडवाचं कापड लालपिवळं, रात्री स्टेजवर जांभळे एलईडी दिवे. टस्कनीचा रंग इथे चढवायचा तर आधी इथला रंग काढावा लागतो.

तो कसा काढतात? लाइटरूममध्ये आठ रंगांचे वेगवेगळे स्लायडर असतात. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असे. आपल्या लोकांची त्वचा, सावळी काय नि गोरी काय, मुख्यतः नारिंगीत येते. नारिंगीचा उजळपणा वाढवला की सगळी माणसं एकदम गोरी. ही आजची पेन्सिल. फरक एवढाच की ही आता चेहऱ्यापुरती राहत नाही. हातही गोरे होतात, माझी युक्ती तिथे फसते. पण दुसरा पुरावा मिळतो. नारिंगीच्या शेजारी पिवळा आहे, आणि हळद या दोघांच्या मध्ये बसते. त्वचेवर पिवळट झाक नको म्हणून पिवळ्याचा भडकपणा कमी केला, उजळपणासाठी नारिंगी वर नेला, की हळद जाते.

भाचीचं लग्न २०१९ मध्ये झालं. अल्बम आला, सगळे गोल बसलो. ताईनं हळदीचं पान उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, ‘काय व, हे हळद हाय का दुधावरची साय?’ सगळे हसलो. पण ताई हसली नाही. पोरीच्या गालावर जे लावलं होतं ते फिकट मलईसारखं दिसत होतं. आणि पोरगी गोरी दिसत होती. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत होती. नंतर मला एकटीला म्हणाली, ‘माझ्यावर पेन्सिल फिरवली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. हिलाही नाही विचारलं.’

आम्ही त्या फोटोग्राफरला फोन केला. तिशीच्या आतला मुलगा, कामसू. मी त्याला दोष देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका. तो म्हणाला, ‘मॅडम, दहातले आठ लोक म्हणतात, जरा गोरं करा. मी न विचारताच करतो आता, नाहीतर अल्बम परत येतो.’ सिझनमध्ये त्याच्याकडे एका महिन्यात पंधरा लग्नं. विकत घेतलेला प्रीसेट लावून तो रात्री दोन-दोन वाजता अल्बम पुरे करतो. आईच्या फोटोला रंग भरणारा माणूस, ताईच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवणारा आणि हा मुलगा, तिघांनीही गिऱ्हाईकाच्या मनात जे आहे असं त्यांना वाटलं ते केलं. मग गिऱ्हाईक कोण? आपण.

आपण मूळ फोटो मागितले. सुदैवाने त्याने ठेवले होते. त्यात हळद हळदीसारखी आहे. भाचीचा चेहरा तिचा आहे. मागे उभ्या माझ्या आईचा हात आहे, सुरकुतलेला, पिवळाजर्द, नातीच्या गालाजवळ आलेला. आई पुढच्या वर्षी गेली. तिचा तेवढा स्पष्ट हात दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही. अल्बममध्ये तो हात इतका उजळला होता की सुरकुत्याही गेल्या होत्या.

पिवळा रंग आपल्या जिल्ह्यात साधा नाही हो. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला गोंड समाजाची यात्रा भरते, तेव्हा पिवळे फेटे आणि पिवळे दुपट्टे घातलेली माणसं डोंगर चढताना बघा. दिवाळीच्या सुमारास बांध्यांमध्ये धान पिकून पिवळं पडतं, ते बघा. अक्षता म्हणून डोक्यावर पडतो तो तांदूळ आपल्याच बांधीतला, हळदीत घोळलेला. आता प्री-वेडिंगचे फोटो हाजरा फॉलला, नवेगावबांधला निघतात, आणि त्यात धानाच्या बांध्या वाळवंटासारख्या भुऱ्या दिसतात. पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक हे फोटो बघेल तर लिहील, २०२०च्या सुमारास गोंदियात मोठा दुष्काळ असावा आणि सगळे लोक युरोपियन असावेत.

तर शेवटी, मंडळी, मला एडिटिंग बंद करा असं म्हणायचं नाही. एडिटिंग नसलेला फोटो कधीच नव्हता, हे आपण आज दीडशे वर्षांच्या अंतरात बघितलं. काच होती तेव्हा काचेनं रंग निवडले, मग ब्रशनं, मग पेन्सिलीनं, मग शर्लीच्या कार्डानं, आता प्रीसेटनं. तुम्हाला फिकट रंग आवडत असतील तर जरूर करून घ्या. पण तीन गोष्टी करा.

पहिली, फोटोग्राफर ठरवताना त्याला आपल्या तोंडानं सांगा, ‘त्वचेचा रंग आहे तसा राहू द्या.’ हे वाक्य नवरीनं स्वतः म्हटलं तर फार चांगलं. जो मुलगा न विचारता गोरं करतो, त्याला कुणीतरी हे सांगणारं भेटलेलं नाही, एवढंच असतं. आणि त्याचा नमुना अल्बम बघताना हळदीचं पान उघडा. हळद पिवळी आहे का? पांढरं पांढरं आहे का? हात आणि चेहरा एकाच बाईचे आहेत का?

दुसरी, मूळ फायली मागून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. एका पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. सगळ्या नको असतील तर निदान पन्नास निवडा, ज्यात घरातली म्हातारी माणसं आहेत असे.

तिसरी गोष्ट आज रात्रीच करता येईल. घरी जाऊन आईचा, आजीचा लग्नाचा फोटो खाली उतरवा आणि त्यांना विचारा, लुगडं कुठल्या रंगाचं होतं, कुणी आणलं होतं. जे सांगतील ते फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. शाईनं नको, शाई कागदातून पुढे उमटते.

आमच्या ओसरीतल्या फोटोच्या मागे मी लिहिलं आहे : ‘लुगडं पिवळं. मामानं आणलेलं.’ पुढची हिरवी बाजू मी तशीच ठेवली आहे.

कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ.